कोर्टवरचं पाणी

भाऊजी,

तुमचं पिंप मी देशपांडेबाईंना देऊन टाकलं. त्यांनी मागितलं, मी दिलं. रिकामं पिंप घरात ठेवायचे हे दिवस नाहीत. तुमचा बिल्ला आणि तिकिटांचा ट्रे आगारात जमा केला. खाकी कपडे धुऊन तुमच्या गाडीच्या ड्रायव्हरला दिले, त्याच्या मापात बसतात. तुमचे दादा म्हणाले, इतकी कसली घाई आहे. घाई नाही. मला आवरल्याशिवाय सुचत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून तर तुम्ही मला 'घरातली कलेक्टर' म्हणायचात.

एक गोष्ट मात्र आवरता येईना. दत्ताच्या गुडघ्याची. ज्या कारणाने फाल्गुनापासून तुम्ही कोर्टवर पाय ठेवला नाहीत, त्या कारणाबद्दल मला तुम्हाला काही सांगायचं आहे. तुम्ही गेल्यावर मला ते कळलं. पहिल्यापासून सांगते, तुम्हाला माहीत आहे तेही सांगते. नाहीतरी तुम्ही मध्येच माझं बोलणं तोडायचात; आता तोडणार नाही.

लातूर जिल्हा झाला तेव्हा आपल्या घरात दोघांना आनंद झाला होता, दोन वेगळ्या कारणांनी. माझी बदली निलंग्याहून इथल्या नव्या कचेरीत झाली आणि रोजची एसटी सुटली. किती वर्षं मी त्या गाडीने गेले. तुमची ड्यूटी असली की खिडकीजवळची जागा धरून ठेवायचात, पण तिकीट फाडूनच हातात द्यायचात. एकदाही फुकट नेलं नाहीत. त्या जागेबद्दल मी कधी आभार मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही हसला असतात.

तुमचा आनंद बास्केटबॉलचा होता. आधी आपल्या पोरांना निवडीसाठी जुन्या जिल्ह्याच्या गावी जावं लागायचं. ती तुमच्याच गाडीत असायची. जाताना गाणी म्हणायची आणि येताना खिडकीबाहेर बघत बसायची. आता जिल्हा आपला, टीम आपली. त्यात साखर कारखान्याने खेळाडू पगारी केले. हजेरीपटावर हंगामी कामगार. कोणी वजनकाट्यावर दाखवलेला, कोणी गोदामात. खरं काम खेळायचं. तुम्ही जेवता जेवता मला ते पुन्हा पुन्हा सांगत होता.

"वहिनी, खेळायचा पगार! ऐकलं होतं कधी?"

मी म्हणाले, उभं राहून कागद फाडायचा तुम्हाला मिळतोच की.

मला तो खेळ शेवटपर्यंत कळला नाही. दहा माणसं घामाघूम होतात आणि चेंडू एका फाटक्या जाळीतून खाली पडतो. तुम्ही जमिनीवर वाट्या मांडून मला समजावायचात, आणि मी वाट्या उचलून घासायला न्यायची. पण रविवारी आळीतल्या बायकांबरोबर कोर्टच्या कठड्यावर बसायला मी यायची, ती खेळासाठी नाही, तुमच्यासाठी. खेळाडू एका बाजूला गर्दी करून उभे राहिले की तुम्ही गाडीतल्यासारखे ओरडायचात, "मागं जागा हाय, मागं सरका!" बाहेरगावचे लोक वळून बघायचे. आपली माणसं हसायची. घरी आल्यावर तुमचा घसा बसलेला असायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत तुम्ही खुणांनी तिकिटं द्यायचात.

जिल्हा नवा होता, टंचाई जुनीच. यंदा ती आणखी वाढली. आळीच्या टोकाचं आपलं कोर्ट मुरमाचं. पूर्वी त्यावर संध्याकाळी पाणी मारायचे, रूळ फिरवायचे. पाणीच बंद झाल्यावर जमीन उलली आणि वरचा मुरूम सुटा झाला, सांडलेल्या ज्वारीसारखा. धावता धावता थांबायला गेलं की पाय पुढे जायचा. आधी कॅप्टनचा घोटा गेला. मग उदगीरचा तो उंच पोरगा, जो पडला की कानडीत आईला हाक मारायचा, त्याचं मनगट मोडलं. एकाची पाठ धरली ती सुटलीच नाही. दर मॅचला खुर्चीवर बसणारे वाढत गेले आणि खेळणारे कमी झाले. परभणीशी हरलो, सोलापूरशी हरलो. बदली खेळाडू म्हणून गोदामातला एक खराखुरा हमाल उतरवला, आणि तो चेंडू दोन्ही हातांनी पोटाशी धरून पळाला, त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत.

"हरण्याचं काई न्हाई वहिनी. माणसं संपायलीत."

मी ताट झाकून ठेवलं. चिडायचं तर तुम्ही सगळ्यांवर चिडलात. टीमला शिकवणाऱ्या मास्तरांवर, पंचांवर, कारखान्यावर, जाळी न बदलणाऱ्या पालिकेवर. आणि मग माझ्यावर, कारण मी टंचाई शाखेत.

तुम्ही माझ्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितलीत. आठवड्याला एक टँकर, कोर्टपुरता. फेऱ्यांचं वेळापत्रक माझ्या टेबलावर व्हायचं, हे खरं. पण त्याच टेबलापुढे किल्लारीकडच्या बाया सकाळपासून येऊन बसायच्या; त्यांच्या गावाला टँकर ठरल्या दिवशी पोचलेला नसायचा. मी नाही म्हणाले.

"पोरांचे पाय जायलेत, वहिनी."

"टँकर माणसांसाठी आहे, खेळासाठी नाही."

"खेळणारी माणसं न्हाईत का मग?"

तिथेच ते भांडण थांबलं. आज विचारलंत तरी मी नाहीच म्हणेन, भाऊजी. तुम्ही गेलात म्हणून माझं उत्तर बदलत नाही. पण तुमचा प्रश्न चुकीचा होता, असंही मला कधी वाटलं नाही.

मग तुम्ही हातगाड्यावर पिंप चढवलंत. ड्यूटीवरून आलं की दोन बादल्या घेऊन दारोदार. आंघोळीचं, भांड्यांचं, तांदूळ धुतल्याचं, मिळेल ते वापरलेलं पाणी पिंपात. लोकांना आधी गंमत वाटली, मग सवय झाली. बायका न्हाणीच्या मोरीला बोळा लावून पाणी अडवायला लागल्या. देशपांडेबाई बादली पायरीवर ठेवून आत जायच्या, तुम्ही ती पायरीवरूनच उचलायचात. हातात हात लागू न देण्याची ती रीत मी पाहत होते. तुम्ही न पाहिल्यासारखं करत होता. पण पिंपात गेल्यावर कुणाची आंघोळ कुठली ते काही उरत नव्हतं. तुमचे दादा म्हणाले होते, आळीला एकत्र आणायला कुणाला जमलं नाही, ते या पिंपाला जमलं. पाहुणे संघ टिंगल करायचे की लातूरवाले कोर्टला आंघोळ घालतात. तुम्ही त्यांना सांगायचात, या, तुम्हालाबी घालू.

आणि फरक पडला होता, हे मी कबूल करते. धूळ बसली. लागोपाठ दोन मॅच कुणीही पडलं नाही. पाणी मारून झाल्यावर तुम्ही कोर्टवरून अनवाणी चालायचात, कुठे खडा लागतो ते बघत. त्या चालण्याकडे मी कठड्यावरून बघत बसायची. आपल्या घरातला माणूस इतका निवांत मला क्वचित दिसला.

आता दत्ता. किल्लारीकडचा, विशीतला, घरात एकटा कमावता. टीममधला सगळ्यांत चांगला, हे मलाही कळत होतं. नांदेडची मॅच आठवते? तुम्ही मुद्दाम नांदेड मुक्कामाची ड्यूटी मागून घेतलीत. तिथलं सिमेंटचं कोर्ट, भरपूर माणसं, आणि आपण हरलो. दुसऱ्या दिवशी घरी आलात ते दत्तावर फणफणत.

"डाव्या पायावर उडतच न्हाई तो. निस्ता जमिनीला चिकटून. पगार लागला की पाय जड होतात माणसाचे."

त्यानंतर पंधरवडाभर तुमचं हेच चाललं होतं. जेवताना हेच, पाणी भरताना हेच. सरावालाही तुम्ही कठड्यावरून ओरडायचात, "दत्तोबा, उडा की! का तिकीट फाडू?" सगळे हसायचे. दत्ताही हसायचा आणि लगेच खाली वाकून मोजा वर ओढायचा. हे मी पाहिलं, आणि विसरले.

फाल्गुनातली ती मॅच पुन्हा सोलापूरशी होती. उसाअभावी कारखाना लवकर बंद झाला होता, हंगामी माणसं एकेक करून घरी पाठवणं सुरू होतं. ही मॅच हरली तर टीमही घरी, असं गावभर झालं होतं. तुम्हाला नेहमीपेक्षा जास्त पाणी पाहिजे होतं, आणि ते मिळालं, कारण आळीत एका घरी सुतक फिटलं होतं. दुष्काळ असो की काही असो, सुतक फिटलं की घरातला कपडा न् कपडा धुवावा लागतो. ते सगळं धुण्याचं पाणी तुम्ही पिंपात घेतलंत आणि मॅचच्या आधी जाळीखाली ओतलंत, कारण धूळ तिथे जास्त. घरात धुणं करणारं कुणी तुमच्याजवळ उभं असतं तर बोललं असतं, की त्यात सोडा असतो, तो जमिनीवर बुळबुळीत बसतो. पण तुम्ही उभं आयुष्य एसटीत काढलं. तुमच्या लेखी पाणी म्हणजे पाणी.

दत्ता जाळीखाली उडाला आणि खाली येताना त्याचा पाय सरकला. तो ओरडला नाही, नुसता बसून राहिला, गुडघा दोन्ही हातांनी धरून. मास्तरांनी खाली वाकून ओल्या मुरमाला बोट लावलं, वास घेतला आणि विचारलं, हे सोड्याचं पाणी कुणी टाकलं? कोर्टवरच्या प्रत्येकाला माहीत होतं. मग कठड्यावरून एक जण म्हणाला, "भाऊ, सोलापूरवाल्यांशी आधीच बोलणं झालं होतं का?"

तुमच्या हातात बादली होती. ती तुम्ही हळूच खाली ठेवलीत, आवाज होऊ न देता. एवढंच मला दिसलं. मॅच पुढे झाली, आपण हरलो. दत्ताला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं.

त्यानंतर तुम्ही मॅचच्या दिवशी निलंग्याची फेरी मागून घ्यायला लागलात. आधीच ठरलेल्या दोन मॅच तेवढ्या झाल्या, त्या कुणी बघितल्या माहीत नाही. टीम बंद झाली ती बातमी मी तुम्हाला सांगितली. तुम्ही "हं" म्हणालात आणि सदऱ्याचं बटण लावत राहिलात. पिंप मागच्या अंगणात पालथं पडलं. तुमच्या तोंडून दत्ताचं नाव गेलं, मास्तरांचं गेलं, पालिकेला शिव्या देणंही गेलं. घर शांत झालं. मला शांतता आवडते. ही आवडली नाही.

मी एका वाक्याची वाट बघत होते. 'तुम्ही एक टँकर दिला असतात तर ही वेळ आली नसती.' तुम्ही ते कधीच म्हणाला नाहीत. एखाद्या दुपारी तुम्ही माझ्याकडे बघायचात, मला वाटायचं आता म्हणतील, आणि तुम्ही चहा मागायचात. म्हणायला हवं होतंत. मी सोडलं नसतं, कडकडून भांडले असते, आणि भांडताना माणूस न ठरवलेलं बोलतो. तुमच्या पोटात होतं ते कदाचित बाहेर पडलं असतं. तुम्ही मला वाचवलंत, असं तुम्हाला वाटलं असेल. मला वाचायचं नव्हतं.

वैशाखात कावीळ झाली. टँकरच्या पाण्याने आळीत अनेकांना झाली, बहुतेक उठले. तुम्ही उठला नाहीत. डॉक्टर म्हणाले, अंगात जोर नाही. जोर कुठे गेला ते त्यांना कसं माहीत असणार.

दत्ता दवाखान्यात आला होता, तुम्हाला आठवत असेल तर. काठी टेकत, फडक्यात गुंडाळलेल्या उसाच्या कांड्या घेऊन. काविळीला ऊस चांगला. यंदा जिल्ह्यात ऊस शोधून आणणं म्हणजे काय, ते मला कचेरीत बसून माहीत होतं. तो स्टुलावर बसला. तुमचे डोळे पिवळे झाले होते, तरी तुम्ही त्याच्या पायाकडेच बघत होता.

"गुडघा?"

"बरा हाय, भाऊ."

तो बरा नव्हता, काठी समोर होती. तुम्ही भिंतीकडे कूस वळवलीत. तो बराच वेळ बसला आणि गेला. ऊस तुम्ही खाल्ला नाहीत. मी रस काढून दिला तर म्हणालात, "त्याच्या घरी पाठवा."

परवा तुमचा जलदानविधी झाला. पांढऱ्या साड्या, आळीतली माणसं, मास्तर आले होते, कठड्यावरून बोलणारा तो माणूसही आला होता. देशपांडेबाई आल्या आणि आपल्या घरात पहिल्यांदा खाली सतरंजीवर बसल्या. भंतेजी गाथा म्हणत होते आणि आम्ही लोटीतून वाटीत पाणी सोडत होतो. वाटी भरून परातीत सांडेपर्यंत सोडायचं असतं. त्या बारीक धारेकडे सगळी खोली बघत होती. पाणी सांडताना बघायची लोकांची सवय गेली आहे. तुम्ही असता तर परात उचलून आधी पिंपाकडे गेला असतात, हा विचार माझ्या मनात त्या वेळी आला, आणि मला रडायला आलं ते तेव्हा, एकदाच.

ते पाणी झाडाला घालायचं. दत्ताने काठी बगलेत धरून परात उचलली. लंगडत्या माणसाच्या हातून सांडेल म्हणून मी बरोबर गेले. कोर्टजवळच्या लिंबाशी तो थांबला.

"इथं घालू का कोर्टवर?"

"झाडाला घाल," मी म्हणाले.

त्याने झाडाला घातलं. परात रिकामी झाली तरी ती हातात धरून उभा राहिला. मग म्हणाला, "वहिनी, पाय नांदेडलाच गेला होता."

त्यानेच सांगितलं. नांदेडच्या सिमेंटवर उतरताना गुडघ्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं. रात्री सुजला. तो एका हाडवैद्याकडे जाऊन पट्टी बांधून आला आणि वरून लांब मोजा चढवला. मास्तरांना सांगितलं नाही, कारण जखमी खेळाडूचं नाव पहिल्यांदा हजेरीपटावरून जात होतं आणि कारखाना बंद होत आला होता. पंधरवडाभर तो तसाच खेळला. त्या दिवशी कोर्ट कोरडं असतं तरी तो पडलाच असता, म्हणाला; उडतानाच पाय मुडपला होता. आणि पडल्यावर सगळ्यांनी पाण्याकडे बोट दाखवलं, तर त्याला गप्प बसणं सोपं झालं. मॅचमध्ये, कोर्ट खराब असल्यामुळे लागलं, असं ठरलं म्हणून कारखान्याने त्याला वॉचमन म्हणून ठेवून घेतलं. जुनं दुखणं लपवलं होतं हे कळलं असतं तर ठेवलं नसतं.

"दवाखान्यात सांगायला आलतो. तोंडातून निघालंच न्हाई."

मी त्याला म्हणाले, नोकरी टिकली ते बरं झालं. खरंच बरं झालं, त्याच्यावर चार माणसं जगतात. मग म्हणाले, "एक शब्द त्यांना सांगितला असतास तर ते कारखान्यात कुणाला बोलले नसते." त्याने बगलेतली काठी जमिनीवर टेकवली. मी परात घेतली आणि घरी आले. त्याला रागावण्यासाठी माझ्याजवळ आणखी बरंच होतं, पण उन्हात काठीवर उभ्या माणसाला किती बोलणार.

घरी आल्यावर माझ्या मनात आलं, हा खोटं बोलत असेल. मेलेल्या माणसाच्या घरच्यांना बरं वाटावं म्हणून लोक काय वाटेल ते सांगतात. तुम्हाला माहीत आहे, मी कुणाचंही ऐकून कागद पुढे सरकवत नाही. मी भांडी घासायला बसले. वाट्या हातात आल्या, त्याच, ज्या तुम्ही जमिनीवर मांडायचात. आणि तुमचं बोलणं मला जसंच्या तसं आठवलं. डाव्या पायावर उडतच न्हाई तो.

तुम्ही म्हणत होता की. नांदेडहून आलात त्या सकाळपासून म्हणत होता. मास्तरांना दिसलं नाही, टीममधल्या कुणाला दिसलं नाही, त्याच्या घरच्यांना दिसलं नाही. तुम्हाला दिसलं, कठड्यावर बसून. तुम्ही त्याला आळस म्हणालात, एवढीच चूक. मग तो पडला आणि त्या क्षणी तुम्ही स्वतः पंधरवडाभर बोललेलं सगळं विसरलात आणि ती बादली तेवढी लक्षात ठेवलीत.

तेव्हा ऐका. तुमच्या पाण्याने ते झालं नाही. मी खात्री करून घेतली आहे.

हे तुम्ही असताना कळलं असतं, तर तुम्ही हातातला घास ताटात टाकला असतात. मग हात न धुताच पाटावरून उठून म्हणाला असतात, "मी म्हणत नव्हतो, वहिनी? उडत न्हाई म्हणून?" मग ते दादांना सांगितलं असतंत, आळीत सांगितलं असतंत, सकाळच्या निलंगा गाडीत पहिल्या सीटपासून शेवटच्या सीटपर्यंत सांगितलं असतंत, घसा बसेपर्यंत. महिनाभर या घरात दुसरं बोलणं झालं नसतं. मी वैतागले असते. म्हणाले असते, कळलं, भाऊजी, तुम्ही म्हणत होता, आता जेवा.

आज सवयीने तुमचंही ताट वाढलेलं होतं.